गुळाच्या पाकातली गाजरे आणि रताळी चुलीवर करताना: आधी जाळ, मग निखारा

नमस्कार. आपला प्रश्न मला समजला तो असा. डिसेंबरच्या अखेरीस आपण आठजण म्हैसमाळच्या परिसरात एका ओळखीच्या शेतावर तंबू ठोकून एक रात्र मुक्काम करणार आहात. सोबत तीन दगडांची चूल आणि डब्याच्या गॅसवर चालणारी लहान शेगडी असेल. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा ठरलेला आहे, आणि या तिखट जेवणाला जोड म्हणून गाजराची किंवा रताळ्याची, गुळाच्या पाकाने चकाकणारी गोड भाजी करायची आहे. मागच्या वेळी गूळ बुडाला लागून करपला, गाजरे मात्र मधोमध कच्ची राहिली, आणि कडवटपणा कमी व्हावा म्हणून पाणी घातल्यावर सगळेच पातळ झाले. गुळाचे प्रमाण चुकले की चुलीची आच जास्त झाली, असे आपण विचारले आहे.

शेतावरच्या हुरडा पार्ट्या आणि मुलांची निवासी शिबिरे यांचा स्वयंपाक मी अनेक वर्षे करत आले आहे आणि हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. आपण दिलेल्या वर्णनावरून प्रमाणात फारशी गडबड दिसत नाही, आणि आच जास्त असणे हा चुलीचा स्वभावच आहे. खरी अडचण वेगळी आहे. या एका पदार्थात दोन वेगवेगळी कामे आहेत आणि आपण ती एकाच वेळी उरकू पाहिलीत. भाजी शिजवणे हे पाण्याचे काम आहे, तर तिच्यावर पाक चढवणे हे पाणी घालवण्याचे काम आहे. घरी गॅसची कळ फिरवून आच हवी तशी कमी-जास्त करता येते, म्हणून ही दोन्ही कामे एकत्र केली तरी निभावून जाते. उघड्यावरच्या चुलीला कळ नसल्यामुळे तिथे कामांचा क्रमच आचेची जागा घेतो.

क्रमाला एवढे महत्त्व का, हे आधी सांगते, कारण ते कळले की पुढच्या कृतीत जागेवर लागेल तो बदल आपला आपल्याला करता येईल. गाजराला कडकपणा येतो तो त्याच्या पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनमुळे, आणि ते पेक्टिन सैल व्हायला उकळीच्या जवळपासची उष्णता आणि पुरेसे पाणी दोन्ही लागतात. साखर किंवा गूळ सुरुवातीलाच पडला तर पेक्टिन सैल होण्याचा वेग मंदावतो. लिंबू, चिंच किंवा दुसरे कोणतेही आंबट घातले तरी हेच होते. म्हणून गुळात घातलेले गाजर बराच वेळ शिजवूनही मधोमध करकरीत राहते, आणि तेवढ्या वेळात बुडाचा गूळ जळायला लागतो. शिवाय गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या शर्करा असतात, आणि त्यामुळे गूळ शुद्ध साखरेपेक्षा कमी उष्णतेला रंग धरतो आणि लवकर करपतो. पातेल्यात पाणी आहे तोवर तळ शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी संपले की पातळ बुडाचे भांडे मिनिट-दीड मिनिटात गूळ जाळण्याइतके तापते. आपण सांगितलेल्या करपण्याचा आणि कच्चेपणाचा उगम असा एकाच ठिकाणी आहे.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे पाणी. मराठवाड्यात पुष्कळ ठिकाणी बोअरचे पाणी जड असते. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, हा अनुभव घरोघरी असतो. त्या पाण्यातले कॅल्शियम पेक्टिनला धरून ठेवते, त्यामुळे डाळीप्रमाणे गाजरेही अशा पाण्यात शिजायला जास्त वेळ घेतात. शेतावरच्या बोअरचे पाणी कसे आहे हे आधी विचारून घ्या, आणि ते जड असेल तर एवढ्या एका भाजीपुरते पिण्याच्या जारमधले पाणी वापरा; लागणार आहे ते जेमतेम दीड पेला. काहीजण अशा वेळी चिमूटभर सोडा घालतात. मी तो घालू नये असे म्हणेन, कारण सोड्याने भाजी बाहेरून लगदा होते, आत मात्र तशीच राहते, आणि पाकाला साबणासारखी चव येते. मीठ मात्र सुरुवातीलाच घालावे. ते शिजण्याला थोडी मदतच करते आणि चवही आतपर्यंत पोहोचवते. उंचीचाही थोडा परिणाम होतो. म्हैसमाळच्या पठारावर पाणी साधारण ९७ अंशांनाच उकळते, त्यामुळे घरी बारा मिनिटांत होणारे गाजर तिथे चौदा-पंधरा मिनिटे घेईल. घड्याळापेक्षा सुरीच्या टोकावर भरवसा ठेवा.

आता भाजीची निवड. गाजर आणि रताळे यांना आपण एकाच ओळीत ठेवले आहे, परंतु चुलीवर ती अगदी वेगळी वागतात. गाजर शिजले तरी आकार धरून ठेवते, हलवाहलव सहन करते आणि त्याच्यावर पाक पातळ, पारदर्शक राहून चकाकतो. पहिल्यांदा करणाऱ्याने गाजरच घ्यावे. रताळ्यात पिष्ट भरपूर असते. ते जरा जास्त शिजले की कडा सुटतात, पिष्ट पाकात उतरते आणि चकाकीच्या जागी खळीसारखा दाट रस तयार होतो. तो रस चवीला चांगला लागतो, पण आपल्याला हवी असलेली ती भाजी नव्हे. लाल भोपळा याहूनही नाजूक आहे आणि मुक्कामाच्या गडबडीत मी तो घेत नाही. बीट घेतल्यास ते वेगळे करावे, कारण त्याचा रंग बाकी सर्व भाज्यांना लागतो आणि ते शिजायलाही बराच वेळ घेते.

रताळीच हवी असतील तर ती पाण्यात शिजवूच नका. हुरड्यासाठी आपण शेणाच्या गोवऱ्यांची आगटी पेटवतो, ती रताळ्यांसाठी तितकीच उत्तम आहे. गोवरीची आच मंद आणि सारखी असते. रताळ्यात पिष्टाचे माल्टोज नावाच्या शर्करेत रूपांतर करणारा एक घटक असतो, आणि तो साधारण ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यात सर्वात जोमाने काम करतो. उकळत्या पाण्यात टाकलेल्या फोडी हा टप्पा झटकन ओलांडतात. गरम राखेत पुरलेले अख्खे रताळे मात्र त्या टप्प्यात बराच वेळ राहते, म्हणून भाजलेले रताळे उकडलेल्यापेक्षा स्पष्टपणे गोड लागते. दीडशे-दोनशे ग्रॅम वजनाची, मधे फार न फुगलेली, सारख्या जाडीची रताळी निवडा. ती न सोलता, फक्त माती झटकून, जाळ ओसरल्यावर आगटीच्या राखेत पुरा आणि दहा-बारा मिनिटांनी फिरवत राहा. तीस ते चाळीस मिनिटांत काडी आरपार जाते. मग राख झटकून, साल काढून बोटभर जाडीच्या चकत्या करा आणि त्या तयार पाकात फक्त दोन मिनिटे घोळवा. रताळे स्वतःच एवढे गोड झालेले असते की गूळ गाजराच्या निम्माच लागतो, आणि राखेचा जो किंचित धुरकट वास येतो तो घरच्या गॅसवर कितीही खटपट केली तरी मिळत नाही. शेतमालकाकडे गोवऱ्या असतील तर गाजराऐवजी हाच मार्ग धरावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

गाजराच्या भाजीचे आठ जणांसाठीचे प्रमाण असे ठेवा: एक किलो गाजरे, सव्वाशे ग्रॅम गूळ, एक मोठा चमचा तूप, एक मोठा चमचा करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल, एक लहान चमचा मीठ, दीड पेला म्हणजे सुमारे ३०० मिलिलिटर पाणी, अर्ध्या लिंबाचा रस, आणि वरून भुरभुरायला दोन चमचे भाजलेले तीळ. मसाल्यात मी फक्त पाव चमचा सुंठ घालते. येसराच्या आमटीत धने, लवंग, दालचिनी आधीच असल्याने या भाजीत पुन्हा गरम मसाला घातला तर दोन्हींची चव एकमेकांत मिसळून जाते. वेलची घातली की ही भाजी न राहता गोड पदार्थ होते, म्हणून तीही टाळावी. भाजीच्या वजनाच्या दहा ते बारा टक्के गूळ हे प्रमाण तिखट जेवणाबरोबर योग्य बसते. सोबत पिठले-भाकरीसारखे सौम्य जेवण असेल तर ते आठ टक्क्यांवर आणावे.

तुपाबरोबर तेल का, असे आपल्या मनात येईल. याचे कारण थंडी आहे. मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात. परभणीसारख्या ठिकाणी काही वर्षी पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. उघड्यावर स्टीलच्या ताटात वाढलेली भाजी चार-पाच मिनिटांत कोमट होते, आणि केवळ तूप वापरले असेल तर ते गाजरावर पांढरे थिजते व टाळूला चिकटते. निम्मे तेल असल्यास तसे होत नाही. करडईचे तेल थंडीतही पातळ राहते आणि त्याला स्वतःचा वास थोडा असतो, म्हणून तुपाचा वास झाकला जात नाही.

गुळाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण निम्मी भाजी तिथे ठरते. चिक्कीचा गूळ आणू नका. तो कडक आणि ठिसूळ बसावा याच कामासाठी असतो, आणि थंड हवेत त्याचा पाक गाजरावर काचेसारखा घट्ट होतो. साधा, नखाने टोकरता येईल असा मऊ गूळ घ्या. गडद रंगाच्या गुळाला चव जास्त खोल असते, पण तो लवकर लागतो, त्यामुळे पहिल्या वेळी मध्यम रंगाचा बरा. कोणताही गूळ असला तरी त्यात उसाच्या चिपाडाचे तंतू आणि बारीक कचकच असू शकते, आणि चकाकणाऱ्या पातळ पाकात ती लगेच दाताखाली येते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी घरीच सव्वाशे ग्रॅम गूळ चार-पाच चमचे पाण्यात विरघळवून एक उकळी आणावी, पातळ फडक्यातून गाळावा आणि गार झाल्यावर झाकणाच्या स्वच्छ बाटलीत भरावा. याने तीन कामे एकदम होतात: कचकच जाते, शेतावर अंधारात गूळ फोडत बसावे लागत नाही, आणि मुख्य म्हणजे गुळाचा खडा बुडाला बसून तिथेच जळण्याचा धोका उरत नाही. गुऱ्हाळावरची चांगली काकवी मिळाली तर हे सगळे सोडून तीच घ्या. एवढ्या गाजरांना अर्धी वाटी पुरते.

गाजरे घरीच धुऊन, सोलून घ्यावीत आणि सारख्या जाडीच्या, साधारण एक सेंटिमीटरच्या तिरक्या चकत्या कराव्यात. गाजराचे वरचे टोक जाड आणि खालचे बारीक असते, म्हणून जाड भाग आधी उभा दुभागून मग चिरावा. एक चकती कच्ची आणि शेजारची गळलेली, असे होते ते बहुधा याच कारणाने. चिरलेल्या चकत्या ओलसर फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या तर हिवाळ्यात संध्याकाळपर्यंत चांगल्या राहतात. त्या घरून उकडून नेण्याचा मोह काहींना होतो. प्रवासात उकडलेली भाजी कोमट अवस्थेत तासन् तास बंद डब्यात राहते, आणि अन्न बिघडायला तीच अवस्था सर्वात अनुकूल असते, म्हणून शिबिरात मी तसे कधीच करू देत नाही.

भांडे जाड बुडाचे आणि रुंद हवे. गाजरे फार तर दोन थरांत बसतील एवढी, म्हणजे तीस सेंटिमीटरच्या आसपासची हिंडालियमची कढई या प्रमाणाला योग्य आहे. उंच आणि अरुंद पातेल्यात पाणी लवकर आटत नाही, आणि ते आटेपर्यंत खालची गाजरे मऊ होऊन तुटतात. लोखंडी कढई भाकरीबरोबरच्या इतर भाज्यांना उत्तम, पण गूळ आणि लिंबू एकत्र आले की तिच्यात पाक काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते. पातळ बुडाचे भांडेच हाताशी असेल तर चुलीवर आधी भाकरीचा तवा ठेवावा आणि त्यावर ते भांडे ठेवावे. तवा आच पसरवतो आणि एकाच जागी चटका बसत नाही. भांड्याच्या बाहेरच्या बाजूने बुडाला ओल्या राखेचा लेप दिला की काजळी नंतर सहज निघते, ही जुनी रीत अजूनही पाळण्यासारखी आहे.

आता प्रत्यक्ष कृती, आणि ती आपल्या जेवणाच्या क्रमात बसवून सांगते. चूल पेटवताना सुरुवातीला जाळ मोठा असतो. तुराट्या किंवा पऱ्हाट्या चटकन पेट घेतात, भरपूर ज्वाला देतात आणि लवकर संपतात. पाणी उकळायला हाच जाळ हवा असतो. म्हणून गाजरे सर्वात आधी चढवा. कढईत गाजरे, मीठ, तेल आणि पाणी घालून झाकण ठेवा, उकळी आली की जाळ थोडा ओढून घ्या आणि बारा ते पंधरा मिनिटे शिजू द्या. मधे दोनदा झाकण काढून पाणी आहे ना एवढे पाहा. सुरीचे टोक थोड्याशा अडसराने आत गेले की कढई उतरवा. पूर्ण मऊ होण्याची वाट पाहू नका, कारण पाकात ती आणखी काही मिनिटे शिजणार आहेत. या वेळी तळाशी अर्ध्या पेल्याच्या आत-बाहेर पाणी असावे. ते फेकू नका, गाजराची अर्धी गोडी आणि पाकाला धरून ठेवणारे पेक्टिन त्यातच आहे. झाकण ठेवून कढई बाजूला ठेवा.

मग त्याच चुलीवर आमटी करा आणि तिच्यामागून भाकरी. आता बाभळीची लाकडे लावा. बाभळीचे लाकूड जड असते, त्याचा निखारा कडक आणि टिकाऊ होतो, आणि शेवटची भाकरी उतरेपर्यंत चुलीत निखाऱ्यांचा चांगला थर तयार झालेला असतो. पाकाला हवी ती आच हीच. पेटती लाकडे बाहेर ओढा, निखारे उलथन्याने सारखे पसरा आणि मग कढई पुन्हा चढवा. मागच्या खेपेस आपण गूळ बहुधा भर जाळावर घातला असावा, आणि भर जाळाखाली कढईचा मध्य कडांपेक्षा कितीतरी जास्त तापतो. निखाऱ्यांवर तसे होत नाही. आच जास्त वाटली तर निखारे दोन बाजूंना सारावेत, कमी वाटली तर मध्यभागी ओढावेत. तीन दगडांच्या चुलीची कळ म्हणायची तर ती एवढीच.

कढईतले पाणी उकळू लागले की बाटलीतला गूळ आणि सुंठ घाला, झाकण काढून ठेवा आणि इथून पुढे कढईपासून हलू नका. सुरुवातीला बुडबुडे बारीक, भरभर येणारे आणि पाणचट दिसतात. पाणी कमी होत जाते तसे ते मोठे, संथ आणि चकचकीत होतात आणि उकळण्याचा आवाजही बदलतो. वरचा खळखळाट जाऊन जाडसर, दबलेला आवाज येऊ लागतो. अंधारात विजेरीच्या उजेडात रंगाचा अंदाज नीट येत नाही, म्हणून कानावर जास्त विसंबावे. या टप्प्यावर तूप घालून कढई सांडशीने दोन्ही बाजूंनी धरा आणि गोल हिंदकळा, म्हणजे गाजरे न तुटता पाकात घोळली जातील. चमच्याने ढवळणे कमीत कमी ठेवा. हिंदकळण्याने तूप, उरलेले पाणी आणि गूळ एकजीव होतात, आणि चकाकी या एकजीव होण्यातूनच येते. नुसता गूळ कितीही आटवला तरी तशी चकाकी येत नाही.

पाक कुठवर न्यायचा, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. घरी खायचे असते तर मी एकतारी म्हणजे साधारण १०५ अंशांच्या पाकापर्यंत गेले असते. उघड्यावर, थंडीत, मी त्याच्या थोडे अलीकडेच थांबते. उलथन्याच्या मागच्या बाजूला पाक लागला आणि त्यावर बोटाने, अर्थात तो निवल्यावर, ओढलेली रेघ लगेच न मिटता हळूहळू मिटली, की कढई उतरवावी. त्या क्षणी पाक थोडा पातळ वाटेल. जाड बुडात साठलेली उष्णता त्याला आणखी एखादे मिनिट आटवते, आणि ताटात पडेपर्यंत थंड हवा त्याला घट्ट करते. उतरवल्यानंतर लिंबाचा रस घालावा, एकदा हिंदकळावे, तीळ भुरभुरावेत आणि लगेच वाढावे. साधारणपणे गूळ घातल्यापासून वाढेपर्यंत सहा ते आठ मिनिटे लागतात. वारा असेल तर जास्त लागतील, कारण वाऱ्याने एका बाजूचे निखारे फुलतात आणि दुसऱ्या बाजूचे राखेखाली जातात. अशा वेळी कढई दर मिनिटाला पाव वळसा फिरवत राहावी.

काही बिघडलेच तर काय करावे, हेही सांगते. पाकातून तूप वेगळे सुटून बाजूला जमा झाले आणि गाजरे चकाकण्याऐवजी तेलकट दिसू लागली, तर पाणी फार आटले आहे असे समजावे. दोन चमचे गरम पाणी घालून जोराने हिंदकळले की पाक परत एकजीव होतो. पाक पातळच राहिला आणि गाजरे आधीच मऊ झाली असतील तर गाजरे झाऱ्याने ताटात काढावीत, नुसता पाक आटवावा आणि मग तीन-चार हिंदकळ्यांपुरती गाजरे परत आत घ्यावीत. पाक करपल्याचा वास आला तर मात्र मागच्या वेळेसारखे पाणी घालू नका. पाणी घातले की बुडाला चिकटलेला जळका भाग सुटून सगळ्या भाजीत मिसळतो. कढई ताबडतोब उतरवा, बुडाला उलथने न लावता वरची गाजरे दुसऱ्या भांड्यात घ्या आणि थोडे तूप, मीठ व लिंबू लावून वाढा. ती कमी गोड होतील, पण कडू होणार नाहीत.

डब्याच्या गॅसवर ही भाजी करावी लागली तर क्रम हाच ठेवा, फक्त दोन गोष्टींची काळजी घ्या. पहिली अशी की थंडीत, आणि सतत वापर चालू असताना, डबा स्वतः गार होत जातो आणि आतल्या गॅसचा दाब घटतो. त्यामुळे शेगडी हळूहळू मंद होते. पाकासाठी ते फारसे वाईट नाही, पण गाजरे शिजवताना त्रास होतो, म्हणून शिजवण्याचे काम चुलीवर आणि पाकाचे शेगडीवर, अशी वाटणी करता आल्यास उत्तम. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची आहे आणि तिच्यात तडजोड नको. वारा अडवण्यासाठी शेगडी आणि डबा दोन्हींना पत्र्याने वेढू नका, आणि डब्यावर आडवी येईल एवढी मोठी कढई ठेवू नका. डबा तापला तर तो फुटू शकतो. वाऱ्याला आडोसा द्यायचाच असेल तर तो थोडा दूर, एकाच बाजूने द्यावा.

आपण शेतावर राहणार आहात हे चांगले आहे, कारण चूल पेटवण्याची परवानगी हा जागेनुसार बदलणारा विषय आहे. पुढे कधी गौताळ्याच्या बाजूला किंवा पैठणच्या नाथसागराच्या काठी मुक्कामाचा विचार केलात तर ही दोन्ही अभयारण्ये आहेत, हे लक्षात ठेवा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे किंवा पेटती सोडणे हा गुन्हा आहे. तिथे वन विभागाने परवानगी दिलेल्या जागीच मुक्काम करावा आणि चुलीचा विचार सोडून द्यावा. शेतावरसुद्धा डिसेंबरमध्ये बांधावरचे गवत वाळलेले असते. चुलीभोवती दोन-तीन पावलांचा घेर खुरप्याने साफ करून घ्या, कडब्याच्या गंजीपासून आणि तंबूपासून लांब बसा, आणि झोपण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओतून, राख उकरून, पुन्हा पाणी ओता. नुसती माती टाकलेले निखारे आत तासन् तास जिवंत राहतात.

मुले बरोबर असतील तर पाकाच्या वेळी त्यांना चुलीपासून दूर बसवा. उकळता पाक पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटून राहतो, त्यामुळे थोडासा शिंतोडाही खोल भाजतो. तसे झाल्यास त्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सतत सोडावे. हळद, टूथपेस्ट किंवा तूप लावू नये, आणि फोड मोठा असेल किंवा चेहऱ्याजवळ असेल तर दवाखाना गाठावा. जेवण झाल्यावर कढईत लगेच गरम पाणी भरून ठेवा. रात्रभर उघडी राहिलेली गुळाची कढई मुंग्यांना बोलावते, शिवाय सकाळी ती घासायलाही दुप्पट वेळ लागतो.

आपण शेवटी विचारले आहे की ऐनवेळी आणखी सात-आठ पाहुणे आले तर सगळे प्रमाण दुप्पट करून चालेल का. गाजरे शिजवण्याचे काम दुप्पट करता येईल, मोठे पातेले घेऊन आणि पाणी दुप्पट न करता साधारण दीडपट ठेवून, कारण झाकलेल्या भांड्यातली वाफ जास्त गाजरांनाही पुरते. पाक मात्र दुप्पट करू नका. पाणी किती वेगाने आटणार हे कढईच्या तोंडाच्या रुंदीवर ठरते, आणि त्याच कढईत दुप्पट माल घातला की वेळ दुपटीहून वाढतो, तेवढ्यात गाजरे गळतात आणि निखारेही विझत येतात. शिजलेली गाजरे आणि त्यांचे पाणी दोन भागांत वाटा, गुळाच्या दोन बाटल्या न्या, आणि पहिली खेप पंगतीत वाढली जात असताना दुसरी चढवा. दोन खेपांच्या मधे कढई पुसून घ्या आणि बाजूला ओढून ठेवलेल्या लाकडांपैकी एक परत आत सरकवून निखारे थोडे फुलवून घ्या.